कुबड्यांवर चालणारं सरकार : वॉशिंग्टनची खाजगी पत्रं

जोत्यावरचा :

गेले दोन महिने दुपारच्या चहानंतर माझा एकच उद्योग चाललाय. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजने त्यांच्या संस्थापक मंडळींची पत्रं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत. त्यातली जॉर्ज वॉशिंग्टनची १७८३ ते १७८९ मधली पत्रं वाचतोय. शाळेत वॉशिंग्टन म्हणजे ते चेरीचं झाड आणि 'बाबा, मी खोटं बोलणार नाही' एवढंच कळलं होतं. ती गोष्टही बनावट निघाली, चरित्रकाराने नंतर घुसडलेली. पत्रांतला माणूस वेगळाच आहे. संधिवाताने बेजार, पाहुण्यांनी वैतागलेला, जमिनींच्या हिशेबात बुडालेला, आणि देशाच्या कारभारावर सतत धुसफुसणारा.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजांशी लढताना तेरा राज्यांनी आपसांत एक करारनामा केला, तो १७८१ मध्ये लागू झाला. त्यानुसार एक काँग्रेस (आपली नव्हे, त्यांची) होती. तिला कर बसवायचा अधिकार नव्हता. पैसे लागले की राज्यांकडे मागायचे, राज्यांनी दिले तर दिले. मोठ्या निर्णयाला तेरातल्या नऊ राज्यांची संमती लागायची आणि करारनामा बदलायचा तर तेराच्या तेरा. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू द्या म्हणून काँग्रेसने विनवलं, तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने मोडता घातला. पुढच्या खेपेला न्यूयॉर्कने.

मी ३५ वर्षं सरकारी कचेरीत काढली. मागणीपत्र, स्मरणपत्र क्र. १, स्मरणपत्र क्र. २, मग अर्धशासकीय पत्र, हा क्रम मला घरच्या जिन्यासारखा पाठ आहे. अमेरिकेची काँग्रेस नेमकं हेच करत होती. फक्त शेवटी 'अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल' हे वाक्य लिहायची तिला सोय नव्हती. ते वाक्य नसलं की आधीच्या सगळ्या कागदाची काय किंमत राहते, हे कचेरीतल्या कुठल्याही कारकुनाला विचारा.

याची झळ सगळ्यात जास्त कोणाला बसली असेल, तर सैन्याला. पगार नाही, बूट नाहीत, रसद नाही. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी थकलेल्या पगारापायी काँग्रेसविरुद्ध उठायच्या बेतात होते. वॉशिंग्टनने त्यांच्यापुढे भाषण केलं, एक पत्र वाचायला चष्मा काढला आणि म्हणाला की तुमच्या चाकरीत माझे केस पिकले, आता नजरही चालली. अधिकारी रडले म्हणतात. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आपला युद्धातला जुना मदतनीस आणि आता काँग्रेसमध्ये बसलेला अलेक्झांडर हॅमिल्टन याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की करारनाम्यात सुधारणा व्हायला हवी हे माझ्याइतकं तीव्रपणे साऱ्या देशात कोणालाच वाटत नसेल.

डिसेंबरात सरसेनापतिपदाचा राजीनामा देऊन तो घरी गेला. महिना उलटत नाही तोच, १८ जानेवारी १७८४ ला, व्हर्जिनियाचा गव्हर्नर बेंजामिन हॅरिसन याला लिहितो : अर्धपोटी, लंगडं सरकार, सदा कुबड्यांवर चालणारं आणि पावलापावलाला झोकांड्या खाणारं. धाग्याचं शीर्षक तिथलंच. पुढे १७८५ मध्ये जेम्स वॉरनला लिहितो की हा संघ म्हणजे नुसती सावली आहे, आत वस्तू नाही. ऑगस्ट १७८६ मध्ये जॉन जे याला लिहिलेलं पत्र तर मी तीनदा वाचलं. त्यात तो म्हणतो की करारनामा करताना माणसाच्या स्वभावाबद्दल आपलं मत बहुधा जरा जास्तच चांगलं होतं. आणि साऱ्या संघभर चालेल अशी सत्ता कुठेतरी ठेवल्याशिवाय आपण राष्ट्र म्हणून फार काळ टिकू असं मला वाटत नाही.

आणि मग ३१ ऑक्टोबर १७८६. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली होती. काँग्रेसमधला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी हेन्री ली याने सुचवलं की तुम्ही आपलं वजन वापरा, लोक शांत होतील. वॉशिंग्टनचं उत्तर : 'वजन म्हणजे सरकार नव्हे.'

माझा प्रश्न असा. हे सगळं तो खाजगीत लिहितोय. जून १७८३ मध्ये सगळ्या राज्यांना एक जाहीर पत्रक धाडलं होतं, त्यात मजबूत संघाची बाजू मांडली होती. पण त्यातच 'आता मी सार्वजनिक आयुष्यातून निवृत्त होतोय' असंही सांगून बसला होता. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं पत्रांत आग आणि जाहीर काही नाही. ही शब्द पाळण्याची शिकस्त होती, सावधपणा होता, की पद्धतशीर राजकारण? तुमची मतं ऐकायला आवडतील. शिव्या दिल्यात तरी चालेल, पण पत्र वाचून द्या.

सातवा मजला :

काका, लेख झकास. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कोणी होईना म्हणून झालो, गेली सहा वर्षं). तुमचा तो तेरा राज्यांचा करारनामा वाचून अंगावर काटा आला. वसुलीचा अधिकार नसलेली सोसायटी! मेंटेनन्स कोणी द्यायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि लिफ्टचं काम काढायचं तर तेराच्या तेरा सभासदांची सही. आमच्याकडे निदान रजिस्ट्रारकडून वसुलीचा दाखला आणता येतो. नुसतं 'दाखला आणू का?' विचारलं तरी निम्मे लोक दुसऱ्या दिवशी चेक टाकतात.

तो ऱ्होड आयलंडवाला प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडे दोन आहेत.

अबोली :

+१. ऱ्होड आयलंड तळमजल्यावर राहत असणार. 'मी लिफ्ट वापरतच नाही, मी का भरू?'

खडूस मास्तर :

लेख चांगला आहे, पण 'खाजगी' या शब्दाला माझी हरकत आहे. त्या काळी अशा माणसांची पत्रं आजच्या अर्थाने खाजगी नसत. ती नकलून ठेवली जात, दहा जणांना वाचून दाखवली जात, मजकूर पुढे धाडला जाई. वॉशिंग्टन हॅरिसनला लिहितो तेव्हा व्हर्जिनियातले निम्मे वजनदार लोक ते वाचणार हे त्याला पुरतं ठाऊक असतं. त्यामुळे 'खाजगीत आग, बाहेर मौन' हे चित्र अर्धंच खरं.

याचं उत्तम उदाहरण तुम्ही सांगितलेल्या त्याच दंग्यांत आहे. हेन्री नॉक्स, युद्धातला तोफखान्याचा सेनापती आणि वॉशिंग्टनचा जुना सहकारी, २३ ऑक्टोबर १७८६ ला त्याला पत्र लिहितो : बंडखोर बारा-पंधरा हजार जमू शकतील आणि त्यांचं म्हणणं असं की देशातली मालमत्ता सगळ्यांनी मिळून इंग्रजांपासून वाचवली, म्हणून ती सगळ्यांच्या मालकीची. जमीनदाराच्या काळजाचा ठोका चुकवणारं वाक्य! वॉशिंग्टन ५ नोव्हेंबरला व्हर्जिनियाचा तरुण पुढारी जेम्स मॅडिसन याला लिहितो आणि नॉक्सच्या पत्रातला मजकूर त्यात उतरवून देतो. त्याच पत्रात ते प्रसिद्ध वाक्य आहे : तेरा सार्वभौम राज्यं एकमेकांविरुद्ध ओढतायत आणि सगळी मिळून मध्यवर्ती सत्तेला खेचतायत, यात सगळ्यांचाच नाश आहे.

आता प्रत्यक्षात काय झालं बघा. २५ जानेवारी १७८७ ला डॅनिअल शेज आपली माणसं घेऊन स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेला. संख्या नॉक्सच्या आकड्याच्या आसपासही नाही. आतून तोफ सुटली, चार माणसं मेली, बाकीची पळाली. काही आठवड्यांत प्रकरण आटोपलं. सगळ्यांची मालमत्ता वाटून घ्या असं शेतकरी म्हणत नव्हते, नाणी हातात नसताना कर आणि कर्ज नाण्यांत कुठून फेडू, असं म्हणत होते. नॉक्सने तिखटमीठ लावलं आणि वॉशिंग्टनने ते पुढे ढकललं. आजच्या भाषेत, फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड.

कडू कारलं :

मास्तरांनी सभ्यपणे सांगितलं, मी सरळ सांगतो. 'मजबूत सरकार' कोणाला हवं होतं? ज्यांची येणी अडकली होती त्यांना. शेज हा युद्धात लढलेला कॅप्टन. त्याच्यासोबतचे कित्येक जण जुने शिपाई. ज्या शिपायांना पगार मिळाला नाही म्हणून वॉशिंग्टनसाहेब पत्रांत हळहळतात, त्याच शिपायांनी कोर्टाच्या दारात उभं राहून जप्ती थांबवली की लगेच 'वजन म्हणजे सरकार नव्हे'? आणि त्यांना मोडायला जनरल लिंकनची फौज निघाली, तिचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून केला. म्हणजे सरकारकडे पैसे नव्हते, सावकारांकडे होते.

शिवाय साहेबांची स्वतःची पश्चिमेकडे हजारो एकर जमीन होती. १७८४ च्या सप्टेंबरात घोड्यावर बसून बघायला गेले, तर पेनसिल्व्हेनियातल्या एका तुकड्यावर लोक वस्ती करून शेती करत होते. आमची मेहनत आहे म्हणाले. साहेबांनी कोर्टात खेचलं आणि १७८६ मध्ये दावा जिंकले. तेच साल! कायद्याची आणि कोर्टाची एवढी माया का, ते यातून समजा.

आणि ज्या घरात बसून स्वातंत्र्यावर ही पत्रं लिहिली, तिथे शेतात राबणारे गुलाम होते. त्याबद्दल चकार शब्द नाही धाग्यात.

जोत्यावरचा :

कारलंसाहेब, शेवटचा मुद्दा मान्य. राहून गेला, राहायला नको होता. एप्रिल १७८६ मध्ये रॉबर्ट मॉरिसला तो लिहितो की गुलामगिरी बंद करण्याची काही योजना निघावी असं माझ्याइतकं मनापासून कोणाला वाटत नसेल. मात्र हे व्हावं कायदेमंडळाकडून, असंही तिथेच. ते पत्र लिहिण्याचं निमित्त वाचलंत तर आणखी कडू व्हाल. ओळखीच्या एका गृहस्थाचा गुलाम फिलाडेल्फियाला गेला आणि तिथल्या क्वेकर या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी त्याला सोडवायची खटपट चालवली, त्याविरुद्ध तक्रार करायला लिहिलेलं ते पत्र आहे. स्वतःच्या मालकीच्या १२३ माणसांना त्याने मृत्युपत्रात मुक्त केलं. जिवंतपणी नाही.

पण हेन्री ली याला लिहिलेल्या पत्राबाबत तुम्ही अर्धं वाक्य धरून झोडताय. पुढे तो म्हणतो : बंडखोरांना नेमकं काय हवंय ते आधी समजून घ्या. गाऱ्हाणं खरं असेल तर शक्य तेवढं दूर करा. आत्ता करता येत नसेल तर गाऱ्हाणं रास्त आहे एवढं तरी कबूल करा. आणि खरं नसेल, तर लगेच बळ वापरा. यातलं काहीच न करता नुसतं मोठ्या माणसाच्या नावावर वेळ मारून न्यायची, हे त्याला नको होतं. मला तरी यात सावकार दिसत नाही.

कडू कारलं :

गाऱ्हाणं खरं की खोटं हे ठरवणार कोण? ज्याची येणी आहेत तोच. असो, वाचतोय.

पोटोमॅककाठी :

नमस्कार मंडळी. मी व्हर्जिनियात राहते, माऊंट व्हर्नन म्हणजे वॉशिंग्टनचं घर आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. भारतातून कोणीही आलं की त्यांना तिथे न्यायचं हे ठरलेलंच, त्यामुळे इतक्यांदा गेलेय की गाईडच्या आधी मी बोलते.

घर लांबून दगडी वाटतं. जवळ जाऊन हात लावला की कळतं, लाकडी फळ्या आहेत. फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांसारख्या केल्यात आणि ओल्या रंगावर वाळू उडवलीय. माझे सासरे बोटाने ठोकून बघत म्हणाले, 'अगं, हा तर देखावा!' मागच्या बाजूला उंच खांबांचा लांबलचक व्हरांडा आणि खाली संथ, रुंद पोटोमॅक. मधल्या प्रवेशदालनात पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे, युद्धात त्याच्या हाताखाली लढलेल्या फ्रेंच सरदार लाफाएतने पाठवलेली.

सांगायचं ते वेगळंच. घराच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारं एक कबुतर आहे, चोचीत ऑलिव्हची फांदी धरलेलं. त्याची ऑर्डर वॉशिंग्टनने १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातून दिली, म्हणजे त्या करारनाम्याच्या जागी नवी घटना करणारी परिषद चालू असताना. परिषदेचं कामकाज गुप्त ठेवायचं ठरलं होतं, बाहेर एक अक्षर लिहायचं नाही. मग हा माणूस घरी पुतण्याला काय लिहितो? पिकांची, घराच्या कामाची विचारपूस, आणि कबुतर कसं बसवायचं, कुठला रंग द्यायचा याच्या सूचना. जुलैच्या शेवटी परिषदेला सुट्टी पडली तर मित्राबरोबर व्हॅली फोर्जकडे मासे पकडायला गेला. तिथली जुनी छावणी फिरून बघितली. डायरीत नोंद काय, तर सगळं पडझडीला आलंय. ज्या जागी त्याची माणसं उपाशी, थंडीत मेली त्या जागेबद्दल एवढंच, आणि पुढे तिथले शेतकरी बकव्हीट कसं पेरतात त्याची चौकशी.

अबोली :

ताई, कबुतराबद्दल धन्यवाद! एक भाबडा प्रश्न. बायकोला लिहिलेल्या पत्रांत तर खरं मन दिसेल ना? ती नाहीत का तिथे?

पोटोमॅककाठी :

मार्थाबाईंनी नवरा गेल्यावर दोघांची पत्रं जाळून टाकली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. इतकी वर्षं घराची धर्मशाळा झाली होती, तेवढा एक कोपरा तरी स्वतःचा ठेवावा असं वाटलं असेल बिचारीला. ३० जून १७८५ च्या डायरीत तो लिहितो की आज फक्त मिसेस वॉशिंग्टनबरोबर जेवलो, घरी परतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. दीड वर्षानंतर!

जोत्यावरचा :

वा! आईला लिहिलेल्या पत्रातही तेच आहे. फेब्रुवारी १७८७ मधलं. म्हाताऱ्या आईने पैसे मागितले, तर १५ गिनी पाठवतो आणि सांगतो, खरंच एवढेच आहेत. त्यातच तिला सुचवतो की माझ्याकडे राहायला येऊ नकोस, माझं घर म्हणजे वर्दळीची खानावळ झालीय, उत्तरेकडून दक्षिणेला जाणारा प्रत्येक जण इथे मुक्काम ठोकतो. केंद्राची तिजोरी रिकामी म्हणून ओरडणाऱ्याची स्वतःची तिजोरीही रिकामीच.

खडूस मास्तर :

पत्रांवर विसंबताना आणखी एक खबरदारी घ्या. १८३० च्या दशकात जॅरेड स्पार्क्स नावाच्या संपादकाने वॉशिंग्टनची पत्रं १२ खंडांत छापली. एका ठिकाणी वॉशिंग्टनने एका रकमेला 'पिसवाचा चावा' म्हटलं होतं. स्पार्क्सने ते खोडून 'आपल्या गरजांना सर्वथा अपुरी' असं केलं. थोर पुरुषाच्या तोंडी पिसू शोभत नाही ना! आणि हा रोग संपादकापुरता नव्हता. वॉशिंग्टनने स्वतः १७८० च्या दशकात तरुणपणीच्या आपल्या पत्रांच्या वहीत भाषा सुधारून ठेवली. पुढच्या पिढ्या वाचणार याची जाणीव असलेला माणूस होता तो. काकांनी वाचलेली ऑनलाइन प्रत मात्र मूळ हस्तलिखितांवरून केलेली आहे, ती निर्धास्त वाचा.

नुसताच वाचक :

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. वॉशिंग्टनशी लढलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस म्हणजे आपलाच का? १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला ज्याच्या फौजेने वॉशिंग्टनपुढे शस्त्रं टाकली तो?

खडूस मास्तर :

तोच. १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला तह करायला लावला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपल्या फौजा घेऊन त्याच्या बाजूने हजर होते.

पेठेतला :

मग बोलायलाच हवं. त्याच दशकात इकडे मराठामंडळ! शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले, प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि पुण्यात नाना फडणीस पत्रांवर पत्रं लिहून सगळ्यांना एकत्र ठेवतोय. आपल्याकडे एक फिलाडेल्फिया झालं असतं तर…

जोत्यावरचा :

पेठेतले, हात जोडतो. वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे सुरू झालं तर दोनशे प्रतिसाद होतील आणि वॉशिंग्टन बाजूलाच राहील.

आता मूळ प्रश्नाकडे. परिषदेला जायचं की नाही यावर त्याने जे घोळ घातले ते वाचण्यासारखे आहेत. डिसेंबर १७८६ मध्ये व्हर्जिनियाने प्रतिनिधी म्हणून नाव घातलं. हा म्हणतो, जमणार नाही. कारण काय, तर त्याच मे महिन्यात, त्याच फिलाडेल्फियात, सिनसिनाटी या माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेची सभा होती. वंशपरंपरागत सभासदत्वावरून ती बदनाम झाली होती आणि याने 'तब्येत बरी नाही, कामं आहेत' असं सांगून तिथे येणं नाकारलं होतं. आता परिषदेला गेलो तर ते म्हणतील, आम्हालाच काय तो संधिवात! जानेवारीत धाकटा भाऊ गेला. हात गळ्यात बांधायची पाळी आली इतका सांधा धरला होता. शेवटी २८ मार्चला गव्हर्नर रँडॉल्फला कळवलं की तब्येतीने साथ दिली तर येतो. आणि तीनच दिवसांनी मॅडिसनला लिहितो की वरवरची मलमपट्टी नको, दुखणं तळापर्यंत खणून काढा आणि जालीम उपाय सुचवा, मग लोक ते मानोत की न मानोत.

म्हणून मला राजकारणाचा आरोप पटत नाही. ज्याला डाव खेळायचा तो इतका अडखळत नाही.

कडू कारलं :

काका, उलट आहे. जो अडखळतो त्यालाच लोक आग्रहाने नेऊन खुर्चीवर बसवतात. आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या निवडणुका बघा एकदा. 'माझी इच्छा नव्हती, कार्यकर्त्यांनी ऐकलं नाही.'

सातवा मजला :

😂 मी पण असाच झालो सेक्रेटरी. पण खरंच इच्छा नव्हती हो.

अबोली :

परिषदेत काय बोलला मग तो?

खडूस मास्तर :

जवळजवळ काहीच नाही. २५ मे ते १७ सप्टेंबर अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. शेवटच्या दिवशी एकदा उठून म्हणाला की ४०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी ही संख्या ३०,००० करावी, म्हणजे लोकांना प्रतिनिधित्व जास्त मिळेल. एकमताने मंजूर! तो गप्प होता, पण त्याचं तिथे बसणं हेच भाषण होतं. मध्ये १० जुलैला हॅमिल्टनला लिहिलेलं पत्र आहे. त्यात म्हणतो की काही चांगलं निघेल याची आशा जवळजवळ सोडलीय, या कामात पडलो याचा पश्चात्ताप होतोय. मॅडिसनला तर राज्यांचा कुठलाही कायदा रद्द करायचा अधिकार केंद्राला हवा होता, तसं त्याने १६ एप्रिलच्या पत्रात वॉशिंग्टनला कळवलं होतं. परिषदेने तो फेटाळला. म्हणजे पत्रांतलं मजबूत सरकार आणि प्रत्यक्षात हाती आलेलं सरकार यांत बरंच अंतर आहे. वॉशिंग्टननेही व्हर्जिनियाचा वजनदार पुढारी पॅट्रिक हेन्री याला नव्या घटनेची प्रत पाठवताना कबूल केलंय की आणखी चांगली झाली असती तर बरं, पण आत्ता याहून बरी मिळणं शक्य नव्हतं.

पोटोमॅककाठी :

आणि खाजगी पत्र फुटल्याचा किस्सा राहिला की! डिसेंबर १७८७ मध्ये चार्ल्स कार्टर या परिचिताला पत्रात लिहून गेला की ही घटना स्वीकारा नाहीतर अराजक, मधला मार्ग नाही. पत्राचा तो भाग फ्रेडरिक्सबर्गच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि तिथून इतर राज्यांतल्या पत्रांनी उचलला. साहेब चिडले. तक्रार अशी की छापून येणार हे माहीत असतं तर भाषा सावरून लिहिली असती आणि कारणंही दिली असती. मत बदललं असतं असं मात्र म्हणाले नाहीत. मास्तरांचा 'खाजगी' वरचा मुद्दा मला इथे पटला.

शेजारी जॉर्ज मेसन, नदीकाठचाच, वर्षानुवर्षांची मैत्री. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून मेसनने घटनेवर सही केली नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टन एका पत्रात त्याचा उल्लेख 'माजी मित्र' असा करतो. दोन्ही घरं आम्ही एकाच दिवसात बघतो, इतकी जवळ आहेत.

नुसताच वाचक :

आपल्याकडे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना अमेरिकेचा दाखला दिला होता ना? राज्यांना फुटून जायचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते आधीच स्पष्ट करून ठेवलेलं बरं, असं काहीसं.

जोत्यावरचा :

होय. 'फेडरेशन' ऐवजी 'युनियन' शब्द का घेतला याचं स्पष्टीकरण देताना. आपला संघ राज्यांनी आपसांत केलेल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणाला बाहेर पडता येणार नाही, असा तो मुद्दा आहे. वॉशिंग्टनच्या मंडळींना हा प्रश्न त्या उन्हाळ्यात स्वच्छ मिटवता आला नाही. करारावर उभी असलेली राज्यं समोर बसलेली होती, त्यांना दुखवून चालणार नव्हतं.

खडूस मास्तर :

काकांच्या मूळ प्रश्नावर माझं उत्तर एका पत्रातून देतो, पण ते वॉशिंग्टनचं नाही. २५ जून १७८८ ला व्हर्जिनियाने घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी मंजूर केली. दहा मतांचा फरक. वॉशिंग्टन त्या सभेला गेलाही नव्हता. विरोधात मत देणाऱ्या जेम्स मन्रोने १२ जुलैला जेफरसनला पॅरिसला कळवलं : खात्री बाळगा, हे सरकार त्याच्या वजनाने तरून गेलं.

'वजन म्हणजे सरकार नव्हे' म्हणणाऱ्याचंच वजन!

कडू कारलं :

मास्तर, हे वाक्य आधी का नाही टाकलंत? माझी निम्मी टंकनमेहनत वाचली असती.

जोत्यावरचा :

हे मला माहीत नव्हतं. शोधून वाचलं. मन्रो पुढे असंही म्हणतो की माझा त्याच्यावर पुरा विश्वास आहे. विरोधातला माणूस हे लिहितो, तेव्हा ते वजन कुठून आलं तेही बघायला हवं. हाती फौज असताना १७८३ मध्ये राजीनामा देऊन घरी गेला, तिथून. म्हणजे ज्या निवृत्तीपायी त्याला साडेतीन वर्षं तोंड बंद ठेवावं लागलं, तीच शेवटी कामी आली. हे त्याने ठरवून केलं असेल असं मला अजूनही वाटत नाही, पण कारलंसाहेबांना आता ठामपणे खोडूनही काढता येत नाही.

अध्यक्ष व्हायला निघताना १ एप्रिल १७८९ ला नॉक्सला लिहितो की फाशीच्या जागी चाललेल्या गुन्हेगारासारखं वाटतंय.

कडू कारलं :

आणि १७९४ मध्ये दारूवरच्या करावरून पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी बिथरले तेव्हा सुमारे १३,००० ची फौज घेऊन हाच गुन्हेगार स्वतः निघाला. या वेळी वर्गणी काढावी लागली नाही. झालं मनासारखं सरकार.

जोत्यावरचा :

दोघांना शिक्षा झाली आणि दोघांनाही त्याने माफी दिली, हेही लिहा.

कडू कारलं :

लिहिलं.

सातवा मजला :

मंडळी, एक आगाऊपणा केला. काल सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांच्या यादीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'वजन म्हणजे सरकार नव्हे — जॉ. वॉशिंग्टन.' आज सकाळी बघतो तर खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय : 'हे नवीन भाडेकरू का? कोणत्या फ्लॅटमध्ये?'